मोबाइलवरचं ‘लाइव्ह’ आणि मैदानातलं ‘आत्ता’: मधल्या काही सेकंदांत पैसे कोण कमावतं?

चालू सामन्यावरच्या सट्ट्यात घरबसल्या पैसे लावणारा जवळपास नेहमीच का हरतो? नशीब वाईट असतं म्हणून, की रांगेत तो शेवटी उभा असतो म्हणून? गहुंजेच्या डोंगरापासून मेलबर्नच्या टेनिस कोर्टापर्यंतचं हे गणित समजून घेऊ.

आयपीएलच्या दिवसांत अहिल्यानगरमध्ये सावेडी, केडगाव किंवा भिंगारमधल्या कुठल्याही घरात हा अनुभव येतो. तुम्ही मोबाइलवर मॅच बघताय. शेवटची ओव्हर आहे. तुमच्या स्क्रीनवर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला चेंडू पुसत उभा आहे. तेवढ्यात शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो. तुम्हाला कळतं, सिक्स गेला. मग तुमच्या मोबाइलवर गोलंदाज धावतो, फलंदाज बॅट फिरवतो आणि चेंडू प्रेक्षकांत जातो. शेजारी डीटीएचवर बघतोय आणि तुम्ही मोबाइल डेटावर, एवढाच फरक.

मॅच बघणाऱ्यासाठी हा फक्त रसभंग आहे. पण त्याच मॅचवर, त्याच मिनिटाला कुणी पैसे लावत असेल, तर या काही सेकंदांचा अर्थ पूर्ण बदलतो. ज्या चेंडूवर तो पैसे लावतोय, तो चेंडू मैदानात पडून गेलेला असतो. त्याचा निकाल काही लोकांना कळलेलाही असतो. हे काही लोक कोण, त्यांना आधी कसं कळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे नीट समजून घेण्याची गरज आहे.

गहुंजेच्या डोंगरावर काय सापडलं होतं?

मार्च २०२१. पुण्याजवळ गहुंजे इथल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या स्टेडियमवर भारत आणि इंग्लंड यांच्यात तीन एकदिवसीय सामने झाले. कोरोनाची दुसरी लाट सुरू होती, त्यामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. २६ मार्चच्या दुसऱ्या सामन्यात भारताने ३३६ धावा केल्या आणि इंग्लंडने त्या सहज पार केल्या.

या सामन्याच्या वेळी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सट्टेबाजीच्या आरोपावरून ३३ जणांना पकडलं. त्यात महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, हरियाणा, राजस्थान अशा वेगवेगळ्या राज्यांतले लोक होते. पोलिसांनी सुमारे ४५ लाख रुपयांची रोकड, अनेक मोबाइल, लॅपटॉप, दुर्बिणी आणि लांबचं टिपणारे कॅमेरे जप्त केल्याचं सांगितलं.

यातली दुर्बीण महत्त्वाची आहे. सट्टा घ्यायला फोन आणि वही पुरते. मग दुर्बीण कशाला? पोलिसांच्या म्हणण्यानुसार, स्टेडियममध्ये प्रवेश नसल्यामुळे काही जण जवळच्या घोराडेश्वर डोंगरावरून आणि आसपासच्या उंच इमारतींतून थेट मैदानावर नजर ठेवत होते. चेंडू पडला की फोनवरून पुढे कळवायचं. टीव्हीवर तोच चेंडू काही सेकंद उशिरा दिसतो. तेवढ्या वेळात पैसे लावून मोकळं व्हायचं.

म्हणजे इथे कुठला खेळाडू विकला गेला नव्हता, कुठला सामना ‘फिक्स’ झाल्याचा आरोप नव्हता. विकाऊ माल एकच होता: वेळ.

क्रिकेटमध्ये या प्रकाराला ‘पिच-सायडिंग’ म्हणतात. टेनिसमध्ये ‘कोर्ट-सायडिंग’. काम एकच. प्रत्यक्ष मैदानाजवळ बसायचं, डोळ्यांनी बघायचं आणि जगाला कळण्याआधी आपल्या माणसाला कळवायचं.

मॅच ‘लाइव्ह’ असते, तर उशीर कुठे होतो?

अनेकांना वाटतं की अंतर लांब असतं, म्हणून उशीर होतो. तसं नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते मेलबर्न हे जवळपास १० हजार किलोमीटरचं अंतर त्या वेगाने सेकंदाच्या विसाव्या भागात संपतं. दूरचित्रवाणीचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथे जाऊन परत यायला सिग्नलला पाव सेकंदही पुरतो. म्हणजे अंतराचा दोष फार थोडा आहे.

खरा वेळ जातो तो प्रक्रियेत. मैदानातल्या अनेक कॅमेऱ्यांचं चित्र आधी बाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये येतं. तिथे कुठला कॅमेरा दाखवायचा हे ठरतं. मग ते वाहिनीच्या केंद्रात जातं, त्यावर धावफलक, जाहिरात, वेगवेगळ्या भाषांतलं समालोचन चढतं. नंतर चित्र दाबून छोटं केलं जातं, म्हणजे त्याचं कॉम्प्रेशन होतं. हे सगळं होऊन डीटीएचच्या डबीतून टीव्हीवर येईपर्यंत काही सेकंद गेलेले असतात.

मोबाइलवर आणखी एक टप्पा वाढतो. ओटीटीवर व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही, तो बादल्या भरून येतो. अनेक ॲप ज्या पद्धतीने व्हिडिओ पाठवतात, तिचं नाव एचएलएस. त्यात व्हिडिओचे छोटे तुकडे केले जातात. ही पद्धत तयार करणाऱ्या ॲपल कंपनीची शिफारस एका तुकड्यासाठी ६ सेकंदांची आहे. नेटवर्क मध्येच गेलं तरी चित्र अडकू नये, म्हणून प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून व्हिडिओ दाखवायला सुरुवात करतो. तीन तुकडे म्हणजे १८ सेकंद. त्यात आधीचा उशीर मिळवा. नेटवर्क अडखळलं की तो आणखी वाढतो. कमी उशिराची नवी तंत्रं आली आहेत, पण लाखो लोक एकाच वेळी मॅच बघत असतात तेव्हा चित्र न अडकणं हे ॲपसाठी जास्त महत्त्वाचं असतं.

आता याची खेळाशी तुलना करा. टेनिसमध्ये एक गुण संपल्यावर पुढची सर्व्हिस करायला खेळाडूला २५ सेकंद मिळतात. क्रिकेटमध्येही दोन चेंडूंमध्ये साधारण अर्धा मिनिट जातो. म्हणजे तुमचा मोबाइल २५-३० सेकंद मागे असेल, तर तुम्ही अख्खा एक गुण किंवा एक चेंडू मागे आहात. तुमच्या स्क्रीनवरचं ‘लाइव्ह’ हे मैदानातलं ‘मगाशी’ असतं.

हा प्रकार टेनिसमध्ये का फोफावला?

आपल्याकडे सट्टा म्हटलं की क्रिकेटच आठवतं. पण मैदानाजवळच्या माणसाचा हा धंदा जगभर गाजला तो टेनिसमुळे. त्याची कारणं खेळाच्या रचनेत आहेत.

टेनिसमध्ये प्रत्येक गुणाला कुणी तरी एक जिंकतो, एक हरतो. बरोबरी नाही, पाऊस-डकवर्थ-लुईस नाही. दर गुणाला जिंकण्याची शक्यता बदलते, म्हणून भावही बदलतो. कोर्ट लहान असतं, त्यामुळे गॅलरीत बसलेल्याला चेंडू आत पडला की बाहेर, हे लगेच कळतं. आणि वर्षभर जगाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात सामने सुरूच असतात.

जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन सुरू असताना पोलिसांनी २२ वर्षांच्या एका ब्रिटिश तरुणाला पकडलं. त्याच्या कपड्यांत एक छोटं उपकरण शिवलेलं होतं. गुण झाला की बटण दाबायचं, निकाल लांब बसलेल्या कंपनीकडे जायचा. तो त्या कंपनीचा पगारी नोकर होता. सट्ट्याचा निकाल भ्रष्ट करण्याविरुद्ध व्हिक्टोरिया राज्याने नुकताच कायदा केला होता, त्याखाली त्याच्यावर आरोप ठेवला गेला. मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. कारण प्रश्न साधा होता: त्याने निकाल बदलला कुठे? त्याने तर फक्त आधी बघितलं. तिकिटाच्या अटी मोडल्या म्हणून स्टेडियमबाहेर काढता येतं, पण तुरुंगात टाकायचं कशासाठी, याचं उत्तर सोपं नव्हतं.

दुसरं प्रकरण याहून गंभीर आहे. लहान टेनिस स्पर्धांत टीव्हीचे कॅमेरे नसतात. तिथला स्कोअर जगाला कळतो तो खुर्चीवर बसलेल्या पंचामुळे. पंच प्रत्येक गुणानंतर हातातल्या उपकरणावर नोंद करतो आणि ती थेट डेटा कंपनीकडे, तिथून सट्ट्याच्या संकेतस्थळांकडे जाते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने, म्हणजे आयटीएफने, २०१२ मध्ये स्पोर्टरडार या कंपनीशी अशा डेटाचा मोठा करार केला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ने बातमी दिली, की काही पंचांवर कारवाई झाली आहे आणि काहींची चौकशी सुरू आहे. आरोपांपैकी एक असा, की पंच गुणाची नोंद मुद्दाम एक मिनिटापर्यंत लांबवायचे आणि त्याआधी सट्टेबाजांना निरोप पाठवायचे. म्हणजे ज्याने सगळ्यांना एकाच वेळी सांगायचं, तोच काहींना आधी सांगत होता.

याच सुमारास टेनिसच्या संस्थांनी ॲडम लुइस या ब्रिटिश वकिलांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. डिसेंबर २०१८ च्या अंतिम अहवालात समितीने सांगितलं, की सगळ्यात खालच्या स्तरावरच्या स्पर्धांचा थेट स्कोअर सट्ट्याच्या कंपन्यांना विकणं थांबवा. जिथे खेळाडूला प्रवासखर्चही सुटत नाही, प्रेक्षक बोटांवर मोजण्याएवढे, तिथे लाखोंचा सट्टा लागत असेल, तर गैरप्रकार होणारच.

हे आपल्यापासून लांबचं वाटतं? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आणि सोलापुरात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झाल्या आहेत. बालेवाडीत एटीपी स्पर्धा झाली आहे. या स्पर्धांविषयी इथे कुठलाही आरोप नाही. पण सोलापुरातल्या कोर्टावरचा गुण हजारो किलोमीटरवरच्या माणसाच्या स्क्रीनवर सट्ट्याचा भाव बनून जाऊ शकतो, हे आजचं वास्तव आहे.

एका गुणाची किंमत किती?

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीपुरतं आहे.

समजा एक खेळाडू सर्व्हिस करतोय आणि स्वतःच्या सर्व्हिसवर तो १०० पैकी ६० गुण जिंकतो. गेममध्ये स्कोअर ३०-३० आहे. इथून तो हा गेम जिंकण्याची शक्यता येते सुमारे ६९ टक्के. या शक्यतेचा योग्य भाव १.४४. म्हणजे १०० रुपये लावले आणि तो जिंकला, तर मुद्दलासह १४४ रुपये परत.

आता पुढचा गुण खेळला जातो.

सर्व्हिस करणाऱ्याने गुण जिंकला, तर स्कोअर ४०-३०. त्याची शक्यता ८८ टक्के होते आणि भाव १.१४ वर येतो.

गुण गमावला, तर स्कोअर ३०-४०. शक्यता ४२ टक्क्यांपर्यंत घसरते आणि भाव २.४१ होतो.

एका गुणात एवढी उलथापालथ होते. आता समजा, गुण गमावला गेलाय. कोर्टाजवळच्या माणसाला ते दिसलंय. बाजारात मात्र अजून ३०-३० चेच भाव आहेत. समोरच्या खेळाडूचा जुना भाव ३.२५ आहे, कारण त्याची शक्यता बाजाराच्या लेखी ३१ टक्के आहे. खरी शक्यता आता ५८ टक्क्यांच्या वर गेली आहे. कोर्टाजवळच्या माणसाने त्याच्यावर १०० रुपये लावले, तर सरासरी परतावा १९० रुपये येतो. एखादा गेम तो हरेलही. पण असे शंभर गेम खेळले, की त्याच्या हातात जवळपास दुप्पट पैसे असतात. बुकीचं कमिशन यात धरलेलं नाही, पण एवढ्या फरकापुढे ते किरकोळ आहे.

हे पैसे आकाशातून पडत नाहीत. ज्याने जुना भाव खरा मानून उलट्या बाजूने पैसे लावले, त्याच्या खिशातून ते जातात.

‘पण मला खेळ कळतो’, मग?

इथे एक मित्र आठवतो. इंजिनिअरिंगला आम्ही एका हॉस्टेलवर होतो. क्रिकेटबद्दल त्याच्याएवढं आमच्या मजल्यावर कुणालाच कळत नव्हतं. कुठला गोलंदाज कुणाला टाकेल, कुठल्या ओव्हरला किती जातील, हे तो आधी सांगायचा आणि बऱ्याचदा बरोबर यायचं. त्या भरवशावर त्याने मोबाइलवरून पैसे लावायला सुरुवात केली. एका सीझनमध्ये परीक्षेची फी गेली, मग घरून मेसच्या नावावर मागवलेले पैसे गेले. त्याला अखेरपर्यंत एकच कोडं होतं: माझे अंदाज एवढे बरोबर येतात, मग पैसे का जातात?

त्याचं उत्तर वरच्या गणितात आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

तुम्ही मोबाइलवर ३०-३० बघून सर्व्हिस करणाऱ्यावर १.४४ ने पैसे लावता. समोरच्याकडे तुमच्यापेक्षा वेगवान माहिती आहे. मैदानात आधीच ४०-३० झालं असेल, तर तो तुमचा भाव स्वीकारणार नाही. ‘भाव बदलला’ किंवा ‘बाजार थांबवला’ असा संदेश तुमच्या स्क्रीनवर येईल. पण मैदानात ३०-४० झालं असेल, तर तुमचे १०० रुपये आनंदाने घेतले जातील. कारण आता तुमची जिंकण्याची शक्यता ४२ टक्केच आहे आणि तुम्हाला मिळणारा भाव मात्र ६९ टक्क्यांचा. सरासरी तुमच्या १०० रुपयांचे ६० रुपये होतात.

म्हणजे तुमचा अंदाज बरोबर असतो तेव्हा सौदा होत नाही आणि चुकतो तेव्हाच होतो. तुमचं खेळाचं ज्ञान कितीही असो, ते या चाळणीतून जातं आणि चाळणीत फक्त तोटा उरतो.

नेप्ती किंवा घोडेगावच्या कांदा बाजारात उभं राहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. समजा निर्यातबंदी उठल्याची बातमी एका व्यापाऱ्याला तुमच्याआधी अर्धा तास कळली. तो तुमच्या गोण्या सकाळच्या भावाने पटापट उचलेल. तुमचा कांदा चांगलाच होता, पारखही चांगली होती. पण भाव ठरवताना बातमी एकाच बाजूला होती. बाजार समितीत निदान भांडता येतं. मोबाइलवरच्या सट्ट्यात समोर कोण आहे, हेसुद्धा कळत नाही.

आपल्याकडे हा बाजार कसा चालतो?

ज्या देशांत सट्टा कायदेशीर आहे, तिथे कंपन्या या त्रुटीवर काही उपाय करतात. लावलेला पैसा काही सेकंद अडवून ठेवतात, महत्त्वाच्या क्षणी बाजार बंद करतात. तिथे निदान तक्रार करायला जागा असते. आपल्याकडे सगळा व्यवहार अंधारात आहे.

पूर्वी बुकी ‘डिब्बा’ वापरायचे. डिब्बा म्हणजे फोनची अशी लाइन, जिच्यावर चेंडूगणिक धावा आणि भाव सांगितले जातात. आता त्याच्या जोडीला ‘आयडी’ आला. व्हॉट्सॲपवर ओळखीतला एजंट भेटतो, पैसे यूपीआयने जातात, एक आयडी आणि पासवर्ड मिळतो. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, पुढच्या चेंडूवर काय होईल, अशा ‘सेशन’च्या पैजा लागतात. टी-२० सामन्यात दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू असतात. म्हणजे हरण्याच्या २४० संधी.

मे २०२१ मध्ये दिल्लीच्या स्टेडियमवर आयपीएलचा सामना सुरू असताना बनावट ओळखपत्रं घेऊन आत शिरलेल्या दोघांना पोलिसांनी पकडलं. तिथेच सफाई कर्मचारी म्हणून आलेल्या एकावर पिच-सायडिंगचा संशय असल्याचं बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या प्रमुखांनी तेव्हा सांगितलं होतं. तो आपले मोबाइल टाकून पळाला. प्रेक्षक नसलेल्या स्टेडियममध्ये झाडू मारणाऱ्याची नजरसुद्धा विकत घेण्याजोगी वाटावी, यावरून त्या काही सेकंदांना बाजारात किती किंमत आहे ते लक्षात येतं.

महाराष्ट्राला आकड्यांचा नाद नवा नाही. मटक्याची सुरुवातच न्यूयॉर्कहून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या भावांवर पैसे लावण्यातून झाली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द अजून टिकून आहेत. मटक्याने असंख्य घरं बुडवली. पण तिथे पैसे लावून झाल्यावर आकडा फुटायचा. चालू सामन्यावरच्या सट्ट्यात आकडा आधी फुटतो आणि पैसे नंतर लावले जातात. फक्त ते पैसे लावणाऱ्याला माहीत नसतं.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा आहे तो १८८७ चा. त्या काळात जुगार म्हणजे अड्डा, पट, फासे. आज अड्डा खिशात आहे.

केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेत मंजूर करून घेतला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, यात बंदीच्या कक्षेत आले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यांवरही कारवाई होऊ शकते. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. तो गुन्हेगार नाही, पीडित आहे, अशी सरकारची भूमिका आहे.

ही भूमिका योग्य आहे. पण बंदी घातली की बाजार संपतो, असा आपला अनुभव नाही. गहुंजेच्या डोंगरावर जे चाललं होतं, तेही तेव्हा बेकायदाच होतं. बंदीने कायदेशीर ॲप बंद होतात, पण परदेशातल्या सर्व्हरवर चालणारा आयडी आणि गावातला एजंट राहतोच. म्हणून बंदीच्या जोडीला दुसरं काही तरी हवं.

मग करायचं काय?

आमच्या मते पहिली गरज आहे ती भाषा बदलण्याची. ‘सट्टा वाईट आहे, नाद सोड’ हे वाक्य प्रत्येक घरात बोललं जातं आणि विशीतल्या मुलांच्या कानावरून निघून जातं. श्रीरामपूरच्या झहीर खानला आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीच्या अजिंक्य रहाणेला टीव्हीवर बघत मोठ्या झालेल्या पिढीला वाटतं, आपल्याला खेळ कळतो, आपण वेगळे. त्यांना नीतीचा धडा देऊन उपयोग नाही. त्यांना हे गणित दाखवायला हवं. तू भविष्यावर पैसे लावत नाहीस, होऊन गेलेल्या गोष्टीवर लावतोस आणि समोरच्याला ती माहीत आहे. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शक्यताशास्त्र शिकवलं जातं. फाशांऐवजी एकदा हे ३०-३० चं उदाहरण फळ्यावर सोडवलं, तर शंभर पोस्टरचं काम एका तासात होईल.

दुसरी गोष्ट सोपी आहे. सामना दाखवणाऱ्या ॲपनी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहिताना हे चित्र किती सेकंद मागे आहे, तेही लिहावं. सिगारेटच्या पाकिटावर इशारा असतो, तसा हा एका ओळीचा इशारा. तंत्राच्या दृष्टीने ते अवघड नाही, कारण आपण किती मागे आहोत याचा हिशेब प्लेअर ठेवतच असतो.

तिसरी गोष्ट पोलिसांसाठी. आपल्याकडे कारवाई होते ती बहुतेक वेळा पान टपरीजवळ किंवा हॉटेलच्या खोलीत बसलेल्या एजंटवर. दोन-चार मोबाइल जप्त होतात, दंड होतो आणि पुढच्या मॅचला नवा एजंट उभा राहतो. गहुंजेच्या कारवाईचं वेगळेपण हे, की तिने माहिती जिथून निघते ते ठिकाण गाठलं. तपासाचा रोख माहितीच्या आणि पैशांच्या उगमाकडे हवा, म्हणजे लाइन कुठून येते आणि यूपीआय खातं कुणाच्या नावावर आहे, तिकडे.

आणि चौथी गोष्ट घरच्यांसाठी. या जिल्ह्यात पैसा ठरावीक दिवसांनी घरात येतो. दुधाचा पगार दहा दिवसांनी, कांद्याची पट्टी हंगामात, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. घरातला मुलगा दुधाच्या पगाराच्या दिवशी सतत फोनमध्ये असेल, उसनवारी वाढली असेल, सामन्यांच्या दिवसांत चिडचिड करत असेल, तर ओरडण्याआधी विचारा. हरलेला माणूस गप्प बसतो ते लाजेमुळे. आणि गेलेले पैसे पुढच्या सामन्यात भरून काढायचा प्रयत्न करतो तोही लाजेमुळेच. तो मूर्ख नव्हता, त्याला खोटं घड्याळ दाखवलं गेलं होतं, हे आपल्याला कळलं तर बोलणं सोपं जाईल. मनावरचा ताण वाढला असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली असेल, तर १९३० वर लगेच तक्रार करता येते.

मराठीत एक म्हण आहे, वरातीमागून घोडं. नवरदेव मांडवात पोहोचल्यावर घोडं आणून काय उपयोग? मोबाइलवर मॅच बघत पैसे लावणाऱ्याची गत अशीच असते. वरात पुढे गेलेली आहे. डोंगरावर दुर्बीण घेऊन बसलेल्याला ती दिसली आहे. आपण मागून घोडं पळवतोय आणि घोड्याचं भाडंही आपणच भरतोय.

पुढच्या वेळी शेजारच्या घरातला जल्लोष तुमच्या स्क्रीनवरच्या चेंडूआधी ऐकू आला, तर चिडू नका. तो तुमच्या मोबाइलवरचं ‘लाइव्ह’ किती जुनं आहे, हे फुकटात सांगतोय. मॅच बघा, ओरडा, हळहळा. एवढ्यासाठी काही सेकंद उशीर चालतो. पैसे लावण्यासाठी चालत नाही.